धागा: अळिंबीचं घरगुती शेत पाहायला जाताना काय पाहावं, काय विचारावं

भुईछत्र

एकाच कुटुंबाने चालवलेलं, खाण्याच्या आणि औषधी अशा दोन्ही अळिंब्या पिकवणारं शेत पाहायला जाणाऱ्यांसाठी हा धागा. नुसतं "किती छान गुच्छ!" म्हणून फोटो काढून परत यायचं असेल तर इथे वेळ घालवू नका. अळिंबीचं काम समजून घ्यायचं असेल, किंवा तिथून माल घ्यायचा असेल, तर पुढचं वाचा. जाणकारांनी भर घालावी.

आधी फिरण्याचा क्रम. नेहमी स्वच्छ जागेकडून घाणीच्या जागेकडे जायचं: बियाण्याची खोली (शक्यतो काचेतूनच; बियाणं म्हणजे बुरशी वाढवलेलं धान्य), भरणीची जागा (इथे काड किंवा भुसा बियाण्यासकट पिशव्यांत भरतात), कवकजाल, म्हणजे बुरशीचे पांढरे धागे, वाढायची खोली, उगवणीची खोली, वाळवण, आणि सगळ्यात शेवटी टाकलेल्या पिशव्यांचा ढीग. हा क्रम उलटा करायचा नाही. ढिगावर हिरव्या बुरशीचे, म्हणजे ट्रायकोडर्माचे, बीजाणू कोट्यवधी असतात आणि ते कपड्यांवरून, केसांवरून आत जातात. म्हणूनच धुतलेले कपडे घालून जा आणि त्या दिवशी सकाळी बागेतलं खत किंवा ओला कचरा हाताळू नका.

मालकाने बूट न काढायला लावता थेट बियाण्याच्या खोलीत नेलं, तर पाहुणचार म्हणून ठीक आहे, शेत म्हणून ती वाईट खूण. घरच्या शेतावर माणसं मोजकी असतात, तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न हाच: बियाणं करणारा माणूस त्याच दिवशी तोडणीही करतो का? चांगलं उत्तर म्हणजे "सकाळी अंघोळ करून आधी बियाणं, मग बाकीचं." बियाणं बाहेरून विकत घेत असतील तर त्यात कमीपणा काहीच नाही. लहान शेतासाठी बऱ्याचदा तेच शहाणपणाचं असतं.

बियाण्याच्या पिशव्यांवर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: वाण, तारीख आणि कितवी पिढी. धान्यावरून धान्यावर दोन-तीनदा वाढवणं चालतं. त्यापुढे ओढत नेलं की जोम कमी होतो आणि दूषित होण्याची शक्यता दर वेळी वाढते.

---

चाळणी

चांगला विषय. माझी भर एवढीच: पिशव्या मोजा. शेत किती देतं हे मालकाला विचारायची गरजच पडत नाही.

धिंगरीचा, म्हणजे ऑयस्टर अळिंबीचा, हिशेब धरू. एक पिशवी अडीच किलो ओल्या वजनाची, त्यात ओलावा ६२ टक्के. म्हणजे कोरडा माल साधारण ९५० ग्रॅम. कोरड्या मालाच्या वजनाच्या ७५ टक्के ताजी अळिंबी मिळाली, तर दोन तोड्यांत (तोडा म्हणजे पिशवीला एका वेळी आलेलं पीक) पिशवीमागे ७०० ग्रॅमच्या आसपास. आठवड्याला १०० पिशव्या भरत असतील तर आठवड्याचा माल ७० किलो, आणि खराब होणाऱ्या पिशव्या वजा केल्या तर ६५.

आता जागा. कवकजाल भरायला तीन आठवडे, तोड्यांना तीन आठवडे. म्हणजे कोणत्याही दिवशी वाढीच्या खोलीत ३०० आणि उगवणीच्या खोलीत ३०० पिशव्या दिसल्या पाहिजेत. कोणी "आठवड्याला दोनशे किलो काढतो" म्हणाला आणि मांडणीवर सव्वाशे पिशव्या असल्या, तर एक तर माल बाहेरून येतोय किंवा आकडा हवेत आहे.

वर धरलेल्या ७५ टक्क्यांसारख्या टक्केवारीला जैविक कार्यक्षमता म्हणतात. धिंगरीत १०० टक्केही मिळते. पण ती सांगताना किती तोडे धरले हे विचारा. चौथ्या तोड्यापर्यंत ताणून १०० टक्के काढण्यापेक्षा दोन तोड्यांत ७५ काढून पिशवी बाहेर करणारा शेतकरी जास्त हुशार. जुन्या पिशव्यांवर चिलटं वाढतात आणि ती नव्या पिशव्यांत जातात.

---

पेंढा_आणि_पिंप

भरणीच्या जागेबद्दल लिहितो. लोक इथून भरभर पुढे जातात आणि निम्मं शेत पाहायचं राहून जातं.

काड तापवतात की निर्जंतुक करतात हे आधी विचारा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नुसतं काड किंवा पेंढा असेल तर ६५ ते ८० अंश सेल्सिअसला एक ते दोन तास तापवणं पुरतं. त्यात बुरशीचे बरेच स्पर्धक मरतात, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू उरतात आणि तेच पुढे काडाची राखण करतात. भुशात कोंडा मिसळला की हिशेब बदलतो. कोंडा म्हणजे सगळ्यांसाठीच मेजवानी. तिथे १२१ अंशाला, १५ पौंड दाबाखाली, दोन-तीन किलोच्या पिशवीला दोन ते अडीच तास द्यावेच लागतात. कोंडा घालून नुसत्या पिंपात, म्हणजे दाबाशिवाय, तापवलेल्या पिशव्या दहाव्या दिवशी हिरव्या दिसल्या तर नशिबाला दोष देऊ नये.

पिंपात तापमापक कुठे खुपसलाय ते बघा. कडेला ७५ अंश दाखवतं तेव्हा मधला काडाचा गोळा ४५ वर असू शकतो. वेळ मोजायची ती मध्यभाग ६५ ला पोचल्यापासून.

ओलाव्याची परीक्षा हातावरच करता येते. मूठभर काड घ्या आणि जोर लावून पिळा. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पिशवीच्या तळाशी पाणी साचणार, तिथे हवा पोचणार नाही आणि आंबूस वास सुटणार. एकही थेंब आला नाही तर कवकजाल भरेल, पण पहिल्या तोड्यानंतर पिशवी हलकी पडून थकेल. अळिंबी नव्वद टक्के पाणीच असते आणि ते सगळं पिशवीतूनच यायचं असतं.

बियाण्याचं प्रमाण ओल्या वजनाच्या ३ ते ५ टक्के. कोणी १० टक्के टाकत असेल तर विचारा का. बहुतेकदा तापवणं कच्चं असतं आणि जास्त बियाणं घालून शर्यत जिंकायची धडपड चाललेली असते.

---

टाचणी

चुन्याच्या पाण्याची पद्धत राहिली की. इंधन न जाळता होते, लहान शेतावर ती जास्त दिसते.

---

पेंढा_आणि_पिंप

@टाचणी, मुद्दाम सोडली होती, कारण अर्धवट माहितीवर करणारे फार. पण सांगतो. विरलेला चुना लिटरला साधारण २ ग्रॅम, पाण्याचा पीएच १२ च्या वर, काड १२ ते १८ तास पूर्ण बुडवून, मग नीट निथळून. अडचण चुन्याच्या जातीत असते. शेतजमिनीला घालायची चुनखडीची भुकटी इथे कामाची नाही, ती पीएच तेवढा चढवतच नाही. मॅग्नेशियम जास्त असलेला चुनाही टाळतात. शेतावर पीएच कागद किंवा मीटर दिसला नाही तर "चुन्यात भिजवतो" याला फारसा अर्थ नाही. आणि ते पाणी कातडी सोलतं. टाकीपाशी मोजे टांगलेले आहेत का तेही बघा, पाणी नंतर कुठे सोडतात तेही.

धिंगरीला ही पद्धत जमते कारण ती आक्रमक आहे. शिटाके किंवा सिंहाची आयाळ (लायन्स मेन) यांसारखी अळिंबी अशा काडावर लावायची नाही.

---

ओलसर_कोपरा

उगवणीची खोली हा माझ्या आवडीचा भाग. इथे अळिंबीच खोलीबद्दल तक्रार करत असते, ती वाचता आली पाहिजे.

धिंगरीचा एक गुच्छ डोळ्याजवळ धरून बघा (तोडू नका, वाका). देठ लांब, बारीक आणि टोप्या बटणाएवढ्या राहिल्या असतील तर खोलीत कार्बन डायऑक्साइड साठलाय. धिंगरीला तो १००० पीपीएमच्या खाली लागतो, ८०० च्या खाली असला तर उत्तम. टोपीच्या कडा फाटलेल्या, पृष्ठभागावर भेगा, टाचणीच्या डोक्याएवढे कोंब जागच्या जागी सुकून तपकिरी झालेले: हवा कोरडी, किंवा पंख्याचा झोत थेट अंगावर. आर्द्रता ८५ ते ९५ टक्के हवी. टोपीवर पिवळट-तपकिरी, चिकट डाग: पाणी टोप्यांवर साचून राहतंय. हा स्युडोमोनास टोलासी या जिवाणूचा प्रताप. फवारल्यावर दोन-तीन तासांत टोपी वरून कोरडी झाली पाहिजे, म्हणजे तो बसत नाही. म्हणूनच आर्द्रता नुसती ९५ ठेवली की झालं असं नाही, हवाही हलती लागते. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात आणि सगळं कौशल्य त्या ओढाताणीत आहे.

टोप्या पसरट होऊन कडा वर वळलेल्या, खालच्या पिशवीवर पांढरी भुकटी सांडलेली दिसली तर तोडणी उशिरा होतेय. कडा अजून किंचित खाली वाकलेली असतानाच तोडायची असते. उशिरा तोडलेला माल वजनात जास्त भरतो, पण टिकत नाही, आणि उडणारे बीजाणू तोडणाऱ्यांच्या छातीत जातात.

आता एक खोडसाळ प्रश्न सांगतो. एकाच खोलीत पाच जाती दिसल्या तर विचारा, "तापमान कोणाच्या सोयीचं ठेवता?" गुलाबी धिंगरीला २० ते ३० अंश चालतं, किंग ऑयस्टरला १२ ते १८ लागतं, रेशी या औषधी अळिंबीला २२ ते २८. शिवाय किंग ऑयस्टरला जाड देठ यावा म्हणून कार्बन डायऑक्साइड मुद्दाम चढा ठेवतात, जो साध्या धिंगरीला नको असतो. जाणता शेतकरी हसतो आणि सांगतो की ऋतूप्रमाणे जाती फिरवतो किंवा पडदे लावून कप्पे केलेत. "सगळं सगळ्याला चालतं" हे उत्तर मिळालं की मांडणीवरचे देठ पुन्हा एकदा बघून घ्या.

---

मधली_कांडी

वाढीच्या खोलीबद्दल दोन गैरसमज.

एक, पिशवीच्या आत पिवळसर पाणी दिसलं की लोक "सडली" म्हणतात. कवकजाल ताणाखाली किंवा म्हातारं होताना असा द्रव सोडतं. थोडा असेल तर पिशवी बाद नाही. वास मात्र ताजा, अळिंबीचाच हवा. आंबूस किंवा कुजका वास आला तर जिवाणू.

दोन, सिंहाच्या आयाळीचं कवकजाल विरळ, धुरकट असतं. धिंगरीच्या कापसासारख्या पांढऱ्या पिशवीशेजारी ती पिशवी मेल्यासारखी वाटते. ती ठीक असते, उलट पूर्ण भरायच्या आधीच कोंब काढायला लागते.

ट्रायकोडर्मा आधी पांढराच असतो, जरा जास्त दाट आणि पिठूळ. एक-दोन दिवसांत हिरवा होतो. म्हणजे हिरवा दिसला तेव्हा तो बीजाणू टाकायला लागलेला आहे. अशी पिशवी खोलीत उघडायची नाही, तशीच बांधून बाहेर. नारिंगी भुकटी दिसली तर ती न्यूरोस्पोरा, ट्रायकोडर्मापेक्षाही वेगाने पसरते. तिच्यासाठी ओलं फडकं पिशवीवर टाकून, मगच उचलतात, म्हणजे भुकटी उडत नाही.

---

काढा_की_पूड

औषधी बाजूला कोणीच हात घातला नाही. इथे शेत कमी आणि बोलणं जास्त असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

रेशी. ही लाकडासारखी कडक, खायची नव्हे, उकळायची. हवा कोंडलेली ठेवली तर शिंगांसारखे फाटे येतात, मोकळी ठेवली तर पंख्यासारखी टोपी. दोन्ही त्याच बुरशीची रूपं, शिंगांना जास्त गुणकारी म्हणून विकत असतील तर आधार विचारा. टोपीची पांढरी किनार संपून सगळीकडे तांबूस रंग आला की ती पिकली. त्या वेळी वरच्या अंगावर कोकोसारखी तपकिरी भुकटी बसलेली दिसते, ते तिचेच बीजाणू. नावाचा घोळ लक्षात ठेवा: पूर्व आशियात लागवड होणाऱ्या रेशीला कित्येक वर्षं गॅनोडर्मा ल्युसिडम म्हणत, २०१२ मध्ये तिला गॅनोडर्मा लिंगझी ही वेगळी जात म्हणून नाव मिळालं. वाण कुठला हे सांगू शकणारा शेतकरी वाचणारा असतो.

सिंहाची आयाळ. काटे अर्धा-एक सेंटीमीटरचे, रंग शुभ्र, तेव्हा तोडायची. पिवळी पडली की कडवट होते. हवा कमी पडली तर गोळा न होता पोवळ्यासारखी फांदते. हिच्यातली हेरिसेनोन्स ही गुणकारी मानलेली द्रव्यं फळातून, म्हणजे अळिंबीतून, मिळतात आणि एरिनासिन्स ही तशीच द्रव्यं कवकजालातून. तेव्हा दोन्हींचे गुण एकाच पुडीला चिकटवलेले दिसले तर पुडीत नक्की काय आहे ते विचारा.

कॉर्डिसेप्स मिलिटारिस. काचेच्या बरणीत तांदळावर, नारिंगी काड्यांसारखी. किडे वापरावे लागत नाहीत. १८ ते २२ अंश आणि दिवसाला १२ तास तरी प्रकाश, नाहीतर काड्या फिक्या राहतात. तयार व्हायला दीड-दोन महिने. हिचा वाण पटकन उतरतो: बरणीत पांढरी साय भरते आणि काड्याच येत नाहीत. मांडणीवर अशा वांझ बरण्या किती आहेत ते मोजा.

पूड की अर्क? बीटा-ग्लुकान (अळिंबीतली साखरेची लांब साखळी, जिच्यासाठी अर्क घेतात) गरम पाण्यात उतरतं. रेशीतली कडू ट्रायटर्पीन्स मद्यार्कात चांगली उतरतात. म्हणून रेशीला बहुतेक जण दोन्ही देतात: काप करून, पंधरा-वीस पट पाण्यात मंद आचेवर दोनेक तास, आणि मद्यार्कात वेगळं मुरवून मग दोन्ही एकत्र. रेशीचा अर्क कडू नसेल तर शंका घ्यावी. "८:१ अर्क" (आठ किलोचा एक किलो) या आकड्याने काहीच सिद्ध होत नाही, त्यात बीटा-ग्लुकान किती टक्के ते तपासणी-पत्रकावर लागतं. नुसतं "पॉलिसॅकराइड" लिहिलेलं असेल तर त्यात पिठूळ स्टार्चही मोजला जातो.

---

टाचणी

धान्यावर वाढवलेलं कवकजाल धान्यासकट दळून "अळिंबी पावडर" म्हणून विकतात, ते ओळखायचं कसं?

---

काढा_की_पूड

@टाचणी, चिमूटभर पूड गरम पाण्यात ढवळा, पूर्ण थंड होऊ द्या, मग आयोडीनचे दोन-तीन थेंब. निळं-काळं झालं तर स्टार्च भरपूर, म्हणजे धान्य. गरम असताना थेंब टाकले तर रंग नीट येत नाही आणि खराब मालही पास होतो. रंग आला नाही म्हणजे माल उत्तम असं मात्र नाही, एवढंच की त्यात धान्य फारसं नाही. शेतावर जाऊन ओळखायचं तर वाळवणीच्या जाळ्या बघा. पावडर विकतात पण जाळ्यांवर फळं नाहीत, मग दळतात काय?

वाळवण ४५ ते ५५ अंशाला, काप कट्टकन मोडेपर्यंत. वाकला तर कच्चा, डब्यात बुरशी धरणार. दहा किलो ताज्या धिंगरीची एक किलोच्या आसपास सुकी. याहून बरीच जास्त सांगत असतील तर पाणी राहिलंय.

---

सावध_वैद्य

दोन-चार धोक्याच्या गोष्टी, शेतावर आणि नंतर.

धिंगरी बीजाणू फार सोडते. रोज त्या खोलीत काम करणाऱ्यांना फुप्फुसाचा दाह होतो, त्याला अळिंबी कामगारांचं फुप्फुस असं नावच आहे. संध्याकाळी ताप, खोकला, दम लागणं, आणि सुटीत बरं वाटणं ही त्याची खूण. पाहुण्याला अर्ध्या तासाने सहसा काही होत नाही, पण दम्याचा त्रास असेल तर एन ९५ मास्क लावून जा. तोडणाऱ्यांनी मास्क लावलाय का हेही बघा. घरचीच माणसं म्हणून "सवय आहे" ऐकू येतं. याची सवय होत नसते, उलट संवेदनशीलता वाढत जाते.

शिटाके कच्ची किंवा अर्धी शिजलेली चाखू नका. काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखं पुरळ येतं, एक-दोन दिवसांनी, त्यामुळे कारण लक्षातही येत नाही. शिटाकेतलं लेंटिनान हे द्रव्य त्याला जबाबदार धरतात, आणि ते नीट शिजवल्यावर निष्प्रभ होतं. बाकीच्याही अळिंब्या शिजवूनच खा, त्यांच्या पेशींच्या भिंतीतल्या कायटिनमुळे कच्च्या पचत नाहीत.

रक्त पातळ करणारी औषधं किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर रेशी वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. जपानमध्ये टर्की टेल या अळिंबीपासून काढलेलं पीएसके नावाचं द्रव्य १९७७ मध्ये कर्करोगावर इतर उपचारांच्या जोडीने द्यायला मंजूर झालं, हे खरं. ते प्रमाणित औषध होतं. त्याचा दाखला देऊन शेतावरची चहाची पुडी कर्करोगावर विकणाऱ्याकडून धिंगरीही घेऊ नका.

---

चाळणी

"धिंगरीही घेऊ नका" +१

---

पावसाळी

बटण अळिंबीबद्दल कोणीच काही लिहिलं नाही?

---

भुईछत्र

@पावसाळी, घरगुती औषधी-अळिंबीच्या शेतावर ती क्वचितच असते. तिला कुजवलेलं कंपोस्ट लागतं, दोन टप्प्यांत, दुसऱ्यात ५८ ते ६० अंशाला तापवून मग अमोनियाचा वास जाईपर्यंत मुरवून, आणि वर मातीचा थर. जागा, वास आणि यंत्रं यांचा विचार करता तो वेगळाच धंदा. त्यावर स्वतंत्र धागा काढा.

आता ढिगाबद्दल, जो मी शेवटी ठेवला होता. तिथे पिशव्या कुठल्या रंगाच्या आहेत ते बघा. तपकिरी, आक्रसलेल्या, फाटक्या देठांच्या खुणा असलेल्या म्हणजे दोन-तीन तोडे देऊन निवृत्त झालेल्या. हिरव्या किंवा काळ्या पण एकही तोडा न दिलेल्या किती, ते शंभरात मोजा. पाचपर्यंत चालायचं. पंधरा-वीस असतील तर कुठेतरी पिंप कच्चं आहे किंवा बियाणं दूषित आहे. हिरवा डाग वरून, बियाणं टाकलं तिथून सुरू झालाय की पिशवीच्या पोटातून, यावरून दोन्हींतलं कुठलं ते कळतं: पोटातून आलेला म्हणजे तापवणं कमी पडलं.

ढीग उगवणीच्या खोलीच्या दाराशेजारीच असेल तर बाकी काही विचारू नका. तो लांब हवा, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

---

पावसाळी

तिथून वाढवलेली पिशवी विकत मिळते, ती घरी न्यावी का?

---

ओलसर_कोपरा

न्या, धिंगरीची. भरणीची तारीख विचारून. पूर्ण पांढरी, दाबल्यावर घट्ट लागणारी घ्या. गाडीच्या बंद डिकीत उन्हात ठेवू नका, कवकजाल स्वतःही उष्णता सोडतं, पिशवी आतून भाजते. घरी पिशवीला पाच सेंटीमीटरची एकच चीर द्या. चार ठिकाणी चिरली तर चारही ठिकाणी किरटे कोंब येतात. वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड, आजूबाजूला दिवसातून दोनतीनदा फवारा, कोंबांवर थेट नाही. पाच ते दहा दिवसांत कोंब दिसतात आणि त्यानंतर पाचेक दिवसांत तोडणी. रोज आकार दुप्पट होतो, त्यामुळे "उद्या तोडू" म्हटलं की बीजाणू टेबलावर. तोडताना अख्खा गुच्छ पिळून काढा, देठाचे खुंट ठेवले तर ते कुजून चिलटं येतात.

तोडलेला माल कागदी पिशवीत, फ्रिजमध्ये. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधला तर दुसऱ्या दिवशी चिकट. गुलाबी धिंगरी मात्र कशातही ठेवा, दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही, तिला त्याच दिवशी तव्यावर घ्या.